कोयता निघाला की तपासणी थांबते. ऊसतोडीवरच्या गर्भवतींचा हिशेब कोण ठेवणार?

विशेष विश्लेषण

दिवाळी उरकली. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघायला लागलेत. संसाराची भांडी, बाजरीचं पोतं, कोंबड्या, शेरडं, म्हातारी माणसं, लेकरं आणि कोयते. या गाड्यांत दरवर्षी काही पोटुशी बायाही असतात. कुणाला तिसरा महिना, कुणाला पाचवा, कुणाला सातवा. किती जणी? २०२५ च्या जूनमध्ये आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे बातम्यांत आले होते. त्यात एकट्या बीड जिल्ह्यातल्या दीड हजारांहून जास्त महिलांनी गरोदरपणात ऊस तोडल्याचं म्हटलं होतं. त्याच बातम्यांत गर्भपिशवी काढलेल्या बायांचा आकडाही होता, आणि चर्चा सगळी त्याच्यावरच झाली. व्हायलाच हवी होती. पण पोटुशी बायांचा आकडा तसाच मागे पडला.

सरकारी कागदावर महाराष्ट्राचं चित्र चांगलंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ९४.७ टक्के आलं. म्हणजे घरी बाळंत होणं जवळपास संपलं. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार राज्यात एक लाख बाळंतपणांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले, तेव्हा देशाचा आकडा ९७ होता. पण त्याच कुटुंब सर्वेक्षणात खाली बघितलं तर वेगळं दिसतं. गरोदरपणात निदान चार तपासण्या झालेल्या बाया सुमारे ७० टक्के. लोहाच्या गोळ्या शंभर दिवस तरी घेतलेल्या निम्म्याहून कमी. गरोदर बायांपैकी रक्त कमी असलेल्या शंभरात सुमारे ४६.

याचा अर्थ सरळ आहे. शेवटच्या दिवशी दवाखान्यात पोचायला आपण शिकलो. मधले सात-आठ महिने मात्र सुटतात. आणि ते सर्वात जास्त कुणाचे सुटत असतील, हे या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. अशा सर्वेक्षणात घरी सापडलेल्या माणसालाच विचारतात. कुलूप लावलेल्या घराला कोण विचारणार?

महिन्यांचा हिशेब मांडून बघा

आरोग्य खात्याच्या नियमाप्रमाणे कमीत कमी चार तपासण्या व्हायला हव्यात. पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. आता हे आपल्या कॅलेंडरवर ठेवा.

समजा एखादीची शेवटची पाळी आषाढात, जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली. बारा आठवडे पूर्ण होतात नवरात्रात. तेव्हा ती गावात असते, आशाताई घरी येते, नाव नोंदवते, उपकेंद्रात वजन-रक्त होतं, कार्ड मिळतं. छान. त्यानंतर टोळी निघते. बाळाचे अवयव नीट आहेत का, हे बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे नोव्हेंबरात. तेव्हा हंगाम नुकता जोरात आलेला. रक्तातली साखर दुसऱ्यांदा तपासायची वेळ संक्रांतीच्या आगेमागे. तिसरी तपासणी महाशिवरात्रीच्या सुमारास. चौथी गुढीपाडव्याला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाळंतपण. चारांपैकी तीन तपासण्या ती फडावर असताना येतात. गावातल्या आशाताईच्या वहीत पहिलीच्या पुढे काही लागत नाही.

दुसरं उदाहरण याहून वाईट. एखादीला फडावर गेल्यावरच दिवस गेले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेवटची पाळी. पहिले तीन महिने जानेवारी संपता संपता गेले. त्या काळात नोंदच नाही, कारण तिचं नाव नोंदवणारी आशा शे-दोनशे किलोमीटर मागे राहिली. कारखान्याचा पट्टा पडून ती गावी येईपर्यंत पाचवा-सहावा महिना लागलेला असतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार मिळतात, तीन आणि दोन अशा दोन हप्त्यांत. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पण पहिल्या हप्त्याची अट अशी की, शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी झाली पाहिजे. नोव्हेंबरपासून सहा महिने म्हणजे मेची सुरुवात. एप्रिलच्या शेवटी परतलेल्या बाईच्या हातात मोजून आठ-दहा दिवस उरतात. त्यात घर झाडायचं, लेकरांच्या शाळेचं बघायचं, आधार-बँकेचं जुळवायचं.

तपासणी फुकट, पण जाणं फुकट नाही

‘या बाया अडाणी आहेत, त्यांना आरोग्याचं महत्त्व कळत नाही’ असं बैठकांमधून अजूनही बोललं जातं. हे पटण्यासारखं नाही. तीच बाई गावात असते तेव्हा उपकेंद्रात जाते, सुई घेते, लेकराला डोस पाजते. फडावर गेल्यावर दोन महिन्यांत ती अडाणी होत नाही. तिथला हिशेब वेगळा असतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनावर फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. म्हणजे साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. बाई दवाखान्यात गेली तर बहुतेक वेळा नवऱ्यालाही जावं लागतं, कारण परका मुलूख, परका रस्ता, काही ठिकाणी तर भाषाही कानडी. जोडी मोडली की त्या दिवसाची मजुरी गेली. वर खाडा. न येण्याचा दंड पाचशे रुपये आणि कुठे त्याहून जास्त कापला जातो, असं मजूर वर्षानुवर्षं सांगत आलेत. जीपचं भाडं वेगळं. एका ‘फुकट’ तपासणीचे असे हजार-बाराशे रुपये होतात. पाच वेळा गेलं तर पाच-सहा हजार. मातृवंदनाचे पाच हजार तिथेच संपले!

हा हिशेब प्रत्येक जोडी तोंडी करते. आणि डोकं दुखतंय, पाय सुजलेत, एवढ्यावरून कुणी हजार रुपये सोडत नाही. सासू म्हणते, ‘आम्ही नाही का मोळ्या उचलल्या.’ उचलल्या, खरं आहे. पण त्या पिढीत किती लेकरं गेली, किती बाया गेल्या, हेही त्याच सासूला विचारा. ती सांगेल.

मुकादमाला खलनायक ठरवलं की लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं. पण मुकादमसुद्धा कारखान्याकडून घेतलेल्या पैशाला बांधलेला असतो. मजूर पळाले तर त्याचं घर-शेत गहाण पडतं, असे मुकादम याच जिल्ह्यात आहेत. तो म्हणतो, मला कारखाना टनावर मोजतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे, आमचे नाहीत. दोघांच्या मधे जी बाई उभी आहे तिचा मालक कोण, हेच कागदावर ठरत नाही. शहरात कंपनीत कामाला असलेल्या बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. हिला नऊ महिन्यांत एक दिवससुद्धा नाही.

फडावर नेमकं काय बिघडतं

रक्त कमी असणं ही बाई जन्मभर अंगावर काढते, म्हणून ते आजार वाटतच नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की जिवाला धोका. कारण बाळंतपणात रक्त जातंच. अंगात भरपूर असेल तर थोडं गेलेलं सोसतं, मुळातच नसेल तर तेवढ्यानंही बाई जाते. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे लोहाच्या १८० गोळ्या घ्यायच्या असतात. उपकेंद्रात एका वेळी महिनाभराच्या मिळाल्या आणि बाई सहा महिन्यांसाठी निघून गेली, तर बाकीच्या १५० गोळ्यांचं काय? यात बाईची चूक शोधू नका. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, हे आधी सांगितलेलं नसलं की ती गोळी कोपीच्या मागे फेकली जाते, हेही खरं आहे. जेवणानंतर, चहा टाळून घेतली तर बऱ्याच जणींना सोसते.

रक्तदाबाचं त्याहून अवघड. तो वाढला तरी दुखत-खुपत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. साधारण पाचव्या महिन्यानंतर दाब १४०/९० च्या वर गेला आणि लघवीत प्रथिनं जायला लागली की धोक्याची घंटा. डोकं ठणकतं, डोळ्यापुढे अंधारी येते, चेहरा-हात सुजतात. फडावर याचं निदान ठरलेलं आहे, ‘उन्हानं डोकं धरलं असंल’. पहाटे चारला उठून दुपारपर्यंत वाकून तोडणाऱ्या बाईला ऊन लागणारच, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मग एकदम झटके येतात. दाब मोजायला दोन मिनिटं लागतात आणि मशीन प्रत्येक उपकेंद्रात असतं. ती दोन मिनिटं नोव्हेंबर ते मार्चमध्ये मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट बोलायला लोक लाजतात. फडात आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात. लघवी अडवून धरतात. त्यातून जंतुसंसर्ग होतो, कंबर-ओटीपोट दुखतं, ताप येतो. गरोदर बाईला असा संसर्ग झाला तर दिवस भरायच्या आधी कळा सुरू होऊ शकतात. साधी लघवीची तपासणी केली तर सापडतं आणि गोळ्यांनी बरं होतं.

आणि कळा फडातच सुरू झाल्या तर? १०८ ला फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘कुठून बोलताय?’ कोपी कुणाच्या गटात आहे, गाव कोणतं, हे जोडप्याला सांगता येत नाही, कारण परवाच टोळी इकडे हललेली असते.

लहान वयाची आई, लपवलेली आई

एक गोष्ट टाळून हा विषय पुरा होत नाही. कोयत्याला जोडी लागते, म्हणून लग्नं लवकर होतात. मागे पोरीला एकटं ठेवायची भीती असते, म्हणूनही होतात. त्याच सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. सोळा-सतरा वर्षांची पोर गरोदर राहिली की घरचे तिला दवाखान्यात न्यायला घाबरतात. वय कळलं तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पोक्सोखाली गुन्हा दाखल होतो. कायदा पोरीच्या संरक्षणासाठी आहे, तो चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण त्याचा परिणाम असा होतोय की जिला तपासणीची सर्वात जास्त गरज आहे तीच सर्वात जास्त लपवली जाते. फडावर लपवणं आणखी सोपं. कमी वयाच्या आईला रक्तदाबाचा धोका जास्त असतो आणि बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यताही जास्त. हे लग्न लावणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

गावची आशा, फडाची आशा

आशाताईंना दोष देण्याआधी त्यांचं काम कसं चालतं ते बघा. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. मोबदला बराचसा कामागणिक. तिच्या यादीतली बाई गाव सोडून गेली की तिच्या तपासण्या या आशाच्या खात्यात लागत नाहीत. जिकडे बाई गेली तिकडच्या आशाच्या यादीत ती नसतेच. तिथे ती ‘बाहेरची’. फड गावापासून लांब, टोळी पंधरा-वीस दिवसांनी हलते. तिकडची आशा मनानं चांगली असली तर जाते. नसली तर तिला कुणी विचारतही नाही.

कारखाना परिसरात हंगामाच्या सुरुवातीला आरोग्य शिबिरं होतात. ती व्हावीत. पण एका शिबिरानं गरोदरपण निभत नाही. नोव्हेंबरात दाब चांगला होता म्हणून फेब्रुवारीत चांगला राहील असं नाही.

सोबत माहिती जावी यासाठी काहीच झालेलं नाही, असंही नाही. महिला व बालविकास खात्याने २०२१ च्या नोव्हेंबरात जालना, नंदुरबार, पालघर, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत स्थलांतरितांची नोंद ठेवणारी प्रणाली प्रायोगिक म्हणून सुरू केली आणि पुढे ती वाढवायचं ठरवलं. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्येही लाभार्थी दुसरीकडे वळवायची सोय आहे. पण ॲपमध्ये नाव वळलं म्हणून बाई दवाखान्यात पोचत नाही. तिला तिथं नेणारा दिवस मोकळा पाहिजे.

महिन्यातला एक दिवस

तो दिवस सरकारनं आधीच ठरवून ठेवलेला आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. रक्त, लघवी, दाब, पोट, गरज असेल तर सोनोग्राफी. बाई कुठल्या गावची, हे त्यात आडवं येत नाही. सांगलीतही ९ तारीख आणि सोलापुरातही ९ तारीख. टोळी कितीही वेळा हलली तरी तारीख हलत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बाईच्या कोयत्याला खाडा लावू नये, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी तिला मिळावी. अख्ख्या हंगामात असे पाच दिवस येतात. पैसा कुठून, हा प्रश्न येईल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. राज्यात एका हंगामात साधारण साडेआठ ते साडेदहा कोटी टन ऊस गाळला जातो. गुणाकार करा. वर्षाला शंभर कोटींच्या घरातली रक्कम एकट्या कारखान्यांच्या वाट्याची होते. दीड हजार गरोदर बायांना दिवसाचे हजार रुपये धरून पाच दिवसांचे दिले तर होतात पंचाहत्तर लाख. बीडच्या दुप्पट-चौपट बाया इतर जिल्ह्यांतून धरल्या तरी ही रक्कम त्यात कुठल्या कुठे बसते.

मजुरांच्या संघटना दरवाढीसाठी संप करतात, तो त्यांचा हक्कच आहे. पण बोलणी होतात तेव्हा टेबलावर दर असतो, मुकादमाचं कमिशन असतं, विमा असतो. नऊ तारीख कुणी ठेवलेली आम्ही ऐकलेली नाही. बोलणी करायला बसणाऱ्यांत बाया किती असतात, हेही त्याचं एक कारण असावं.

निघायच्या आधी

हे होईल तेव्हा होईल. यंदा निघालेल्या आणि निघणाऱ्या घरांनी काही गोष्टी आजच कराव्यात. पाळी चुकली असेल तर निघायच्या आधी आशाताईंकडून लघवीची चाचणी करून घ्या आणि नाव नोंदवा, मातृवंदनाचा पहिला हप्ता त्यावरच अवलंबून आहे. माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत टाकून जाऊ नका, सोबत न्या. कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो नवऱ्याच्या आणि बाईच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कार्ड भिजलं-हरवलं तरी पुढच्या डॉक्टरला मागचा दाब, मागचं हिमोग्लोबिन कळतं. सिस्टरकडे लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सगळ्या हंगामाच्या मागा. ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटलं तर, आम्ही पुढच्या महिन्यात इथं नाही, हे सांगा. धनुर्वाताची दुसरी सुई चार आठवड्यांनी कुठे घ्यायची ते विचारून घ्या.

फडावर पोचल्या दिवशी पहिलं काम, कोपीवरून व्हॉट्सॲपवर आपल्या गावच्या आशाताईंना लोकेशन पाठवा. जवळच्या गावाचं आणि कारखान्याच्या गटाचं नाव लिहून ठेवा. टोळी हलली की परत पाठवा. डोकं ठणकणं, डोळ्यापुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर नऊ तारखेची वाट बघू नका. १०८ किंवा १०२ लावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण आणि गाडी २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आणि ते परगावच्या बाईलाही आहे. ‘तुमच्या जिल्ह्यात जा’ असं कुणी म्हणालं तर हे सांगायचं.

टोळीत कुणी पोटुशी असेल तर मुकादमांनी या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. नोव्हेंबरची ९ रविवारी आली, तर तपासणी सोमवारी १० तारखेला. मग ९ डिसेंबर, ९ जानेवारी, ९ फेब्रुवारी आणि ९ मार्च.